दंतवैद्य आहेत, पण सरकारी सेवेत नाहीत

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात, सेंट पॉल्स भागातील एक दातांचा दवाखाना पुन्हा सुरू झाला. 'एनएचएस' या सरकारी आरोग्यसेवेचे रुग्ण तेथे घेतले जाणार, हे कळताच शेकडो लोकांनी बाहेर रांग लावली. गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. संपन्न देशात दाढदुखीवर इलाज मिळवण्यासाठी रांग का लावावी लागते, असा प्रश्न हे दृश्य पाहून कोणालाही पडेल.

दंतवैद्यांचा तुटवडा, हे त्याचे सोपे उत्तर. पण ते अपुरे आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ३४ हजारांहून अधिक नोंदणीकृत दंतवैद्य होते. त्यांपैकी २०२३-२४ या वर्षात एनएचएसचे थोडेफार तरी काम करणारे होते सुमारे २४ हजार. या 'थोडेफार'मध्येच खरी मेख आहे. आठवड्यातून एखादा दिवस सरकारी रुग्ण तपासणारा दंतवैद्यही या आकड्यात मोजला जातो.

५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली, तेव्हा दंतोपचार मोफत होते. कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की, खर्चाचे सारे अंदाज कोलमडले. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क आकारण्याचे ठरवले आणि त्याच्या निषेधार्थ एनएचएसचे शिल्पकार अनायरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पैशाचा आणि दातांचा हा झगडा तेव्हापासूनचा आहे.

आजच्या पेचाचे मूळ मात्र एप्रिल २००६ मध्ये लागू झालेल्या करारात सापडते. तेथील बहुतेक दंतवैद्य सरकारी नोकर नसतात. खासगी दवाखाने सरकारशी करार करतात आणि त्यानुसार ते रुग्ण पाहतात. या करारानुसार उपचारांची प्रतवारी करून प्रत्येक प्रतीला ठराविक 'एकके' देण्यात आली. तपासणीला एक, दात भरण्याला किंवा काढण्याला तीन, कॅप अथवा कवळीला बारा. वर्षाकाठी किती एकके पूर्ण करायची, हे आधीच ठरलेले. ९६ टक्क्यांपेक्षा कमी काम झाले, तर त्या प्रमाणात पैसे परत करायचे. जास्त झाले, तर त्याचा मोबदला सहसा नाही.

हिशेब असा की, एका रुग्णाचा एक दात भरा किंवा सहा भरा, एकके तीनच. ज्याचे तोंड वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेले आहे, त्याच्यावर दंतवैद्याचे अनेक तास खर्च होणार आणि मोबदला तेवढाच राहणार. साहित्य, सहायकाचा पगार, कवळी बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल हे सारे त्यातूनच भागवायचे. म्हणजे ज्याला उपचारांची सर्वाधिक गरज, तोच रुग्ण तोट्याचा! तरुण दंतवैद्य खासगी रुग्णांकडे वळतात, ते केवळ लोभाने नव्हे. एका रुग्णाला पुरेसा वेळ देता यावा, हेही त्यामागचे एक कारण असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने या नियमांत थोडी दुरुस्ती केली. तीन किंवा अधिक दातांच्या कामाला पाच, तर दाढेच्या रूट कॅनॉलला सात एकके मिळू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक योजना जाहीर झाली. दंतवैद्य मिळत नसलेल्या भागांत तीन वर्षे काम करण्यास तयार असणाऱ्या २४० दंतवैद्यांना प्रत्येकी २० हजार पौंड द्यायचे, अशी ती योजना. वर्षभरानंतर, फेब्रुवारी २०२५ पर्यंत, त्यांतील वीस टक्के जागाही भरल्या नव्हत्या, असे ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने दाखवून दिले. माणूस एकरकमी बक्षिसासाठी एखादे वेळी येईलही. पण रोजचे काम तोट्याचे असेल, तर तो टिकणार नाही.

याची किंमत मुले मोजतात. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे किडलेले दात. वेळेवर तपासणी झाली असती, तर त्यांतील अनेकांना भूल देऊन दात काढण्याची वेळ आली नसती.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे, पण धडा तोच आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत. दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. २०१४-१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही हाती घेतला. तरीही मंजूर पदाबरोबर चालू स्थितीतील खुर्ची, कंप्रेसर, क्ष-किरण यंत्र, साहित्य आणि सहायक नसेल, तर ग्रामीण रुग्णालयातील दंतवैद्याच्या हाती दात काढण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. पाच वर्षे शिकलेली विद्या वापरता येत नसेल, तर तो शहराकडे वळणारच.

दंतवैद्य सरकारी सेवेत आणणे हे जाहिरातीचे काम आहे. त्याला तेथे टिकवणे हे व्यवस्थेचे. पहिले करून दुसरे विसरले, तर रांग लांबतच जाते.