'दाऊ' म्हणजे 'आपण' नव्हे!

गेल्या गॅदरिंगला आमच्या रूमने शेक्सपिअरचा एक प्रवेश बसवला होता. त्यात राजाशी बोलताना 'यू' आणि नोकराशी बोलताना 'दाऊ' होतं. मी छातीठोकपणे सांगितलं, "छपाईची चूक आहे. 'दाऊ' म्हणजे आदरार्थी 'आपण'. बायबलमध्ये देवाला तेच म्हणतात!" आणि सगळं उलटं करून टाकलं. प्रयोग संपल्यावर इंग्रजीचे सर एवढंच म्हणाले, "राजाला अरे-तुरे केलंस की रे!"

मग लायब्ररीत बसलो. तेव्हा कळलं, 'दाऊ' म्हणजे चक्क आपलं 'तू'. नुसता अर्थच नाही, मूळही तेच! संस्कृत 'त्वम्', लॅटिन 'तू', जर्मन 'डू' ही सगळी भावंडं. इंग्रजीच्या घराण्यात मुळातल्या 'त'चा 'थ' झाला (पाहा: 'त्रि' आणि 'थ्री') आणि इथे तो आणखी मऊ होऊन 'द'सारखा झाला.

जुन्या इंग्रजीत हिशोब सरळ होता. एकाला 'दाऊ', अनेकांना 'यी'. 'यू' हे त्या 'यी'चंच कर्माचं रूप. तेराव्या शतकापासून फ्रेंच वळणाने एकट्या बड्या माणसालाही अनेकवचन लावू लागले, आपल्या 'तुम्ही'सारखं. 'दाऊ' उरलं मित्राला, मुलाला, नोकराला आणि भांडणाला. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने भर कोर्टात त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हणून हिणवलं. उलट त्याच शतकातले क्वेकर पंथाचे लोक न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणत, कारण माणसं सगळी सारखी!

मग बायबलचं काय? १६११ च्या भाषांतरात जिथे मुळात एकवचन तिथे 'दाऊ', समोर देव असो की चोर. पुढे रोजच्या बोलण्यातून शब्द गेला, प्रार्थनेत राहिला, म्हणून भारदस्त वाटू लागला. आपण नाही का विठोबाला 'तू' म्हणत?

असो. त्या रात्री मेसमध्ये गेलो. वाढणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. आम्ही त्यांना "ए, चपाती आण" म्हणतो, ते आम्हाला "घ्या साहेब" म्हणतात. मला एकदम कोक वकील आठवला. म्हटलं, "काका, एक चपाती द्या ना."

काकांनी आधी मागे वळून पाहिलं. मी आणखी कुणाशी बोलतोय असं वाटलं त्यांना.