घर उभं राहिलं, उठणं-बसणं राहिलं

उमरग्याच्या भागात घराची गोष्ट भूकंपापासूनच सुरू करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि पेठसांगवी, तेव्हा याच तालुक्यात असलेलं सास्तूर, पलीकडचं किल्लारी यांचे ढिगारे झाले. सुमारे आठ हजार माणसं गेली. मारलं ते घरांनीच. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर लाकडी खणांवर रचलेलं मातीचं जड माळवद. आज माळवदाच्या गारव्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ती पहाट पाहिलेली नसते.

त्यामुळे पुढची काही वर्षं सगळी अक्कल घर पडू नये यातच खर्ची पडली, आणि ते रास्तच होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी वसली. ज्याच्या-त्याच्या जमिनीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर मिळालं. बाकी गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या आणि अनुदानाची, बांधकामाची माहिती घरोघर नेऊ लागल्या.

या हिशेबात म्हातारी माणसं वेगळी धरलेलीच नव्हती. जुन्या घरात ओसरी त्यांची. बाज तिथंच, येणारा-जाणारा "काय आजी, जेवलाव का?" म्हणून पुढं जायचा. सारवलेल्या भुईवर पायही सहसा घसरत नसे. नव्या वसाहतींत रस्ते रुंद झाले, प्लॉट ऐसपैस झाले आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार लांब गेला. माझ्या मते म्हातारपणाला लागणारं सगळ्यात मोलाचं साधन तिथंच हातचं गेलं.

मग सुधारणा आल्या त्या सुट्या-सुट्या. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात घरोघर संडास झाले. पण बहुतेक बसके. गुडघे गेलेल्या माणसानं त्यावर बसायचं कसं? खेड्यानं उत्तर काढलं: प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापायची, बोचणाऱ्या कडेला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची आणि खुर्ची भांड्यावर ठेवायची. राज्य सरकारला हे सुचायला २०२४ उजाडलं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत कमोड खुर्ची, वॉकर, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी ६५ वर्षांवरील गरजूंना एकदाच ३,००० रुपये थेट बँकेत मिळू लागले.

पुण्या-हैदराबादला गेलेल्या मुलांनी अलीकडे कॅमेरे बसवलेत. आई पडलेली मोबाइलवर दिसते. उचलायला शेजारीच लागतो.

ती पडते बहुधा न्हाणीतच, ओल्या गुळगुळीत फरशीवर. भिंतीला धरायला स्टीलची एक दांडी हवी. फरशी बसवतानाच गवंड्याला सांगितलं तर ती पक्की बसते. मागाहून ड्रिल लावलं की टाइल तडकेल म्हणून कुणी हात लावत नाही. गेटच्या ग्रिलवर हौसेनं मोर काढून घेणाऱ्या घरातही ही दांडी 'दिवाळीला आल्यावर बघू'वर अडलेली असते.