टेकडीवरच्या गवताची शिल्लक

३१ मार्च २०२१ रोजी लष्कराची डेअरी फार्म कायमची मोडीत निघाली. १८८९ साली अलाहाबादेत सुरू झालेली ही व्यवस्था; आपलं पिंपरीचं फार्म त्यातलंच. बातम्यांत दूध होतं, गायी होत्या, जमिनी होत्या. गवताबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि ते मला लागलं.

इंग्रजी अमदानीतल्या कुरणांचा इतिहास कुणीही लिहील. मला आठवतं ते १९८०चं दशक. पुण्यात वेताळ टेकडीवर, तळजईवर पावसाळ्याअखेरीस कुसळी आणि मारवेल गवत दाट उभं असे. दिवसभर उन्हात गवत साखर साठवतं आणि रात्री ती श्वसनात जाळतं. तापमान दहा अंशांनी चढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड रात्री थोडक्यात भागतं, उकाड्यात साठा झपाट्याने उतरतो. साठा संपत आला की श्वसनही मंदावतं. तेव्हा काही तज्ज्ञ लगेच म्हणायचे, गवताने उष्णतेशी जुळवून घेतलं. गवत जुळवून घेतं हे खरं; पण उपासमारही वरून तशीच दिसते, हे त्यांना कधी पटलं नाही.

बी झडल्यावर उरलेली शिल्लक पानांतून बुडख्यात आणि मुळांत उतरते. विलायती रायगवत ती फ्रुक्टानच्या रूपात ठेवतं, आपली गवतं मुख्यतः स्टार्चच्या. दिवाळीनंतर मारवेलचा बुडखा चिरून आयोडीनचा थेंब टाकला, की काप निळाकाळा पडे. मृगातले कोंब याच शिदोरीवर फुटतात. म्हणून जाणती माणसं पहिल्या पावसात कुरणात गुरं घालू देत नसत.

त्याच सुमारास या टेकड्यांना पडीक ठरवून त्यांवर गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. गवत काय, कुठंही उगवतं, असा तेव्हाचा सूर होता. सावलीत साखर बनतेच कमी, मग बुडख्यात उतरणार काय? तो निर्णय चूक होता, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

२८ एप्रिल २०१९ ला शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांवर गेला. चर्चा दुपारचीच झाली. सिमेंट रात्रभर उष्णता सोडत राहतं आणि वाळलेल्या दिसणाऱ्या बुडख्यातली शिल्लक पाऊस येण्याआधीच जळत राहते, हे कुणी बोललं नाही.

यंदा जूनमध्ये रोपं घेऊन टेकडीवर जाणाऱ्यांना एवढीच विनंती: जिथे कुसळी-मारवेल तग धरून आहे तिथे खड्डे खणू नका, आणि बी झडेपर्यंत त्याला विळा लावू नका.