रक्ताची तपासणी आणि माणसाची प्रतिष्ठा

१९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ज्या जव्हार-मोखाड्याचे नाव सरकारी दप्तरात कुपोषणाशी कायमचे जोडले, त्या वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी आणि ठाकूर यांच्या मुलखात दुसरीही एक व्याधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती म्हणजे सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवते व रुग्ण असह्य वेदनांनी तळमळतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर माणूस केवळ वाहक होतो, बहुधा निरोगी राहतो, आणि हिवतापाच्या उग्र प्रकोपापासून त्याला काहीसे संरक्षणही लाभते. पण दोन वाहकांचा विवाह झाला, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला व्याधी जडण्याचा संभव चारांत एक असतो.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत या व्याधीचे निर्मूलन करण्याचा संकल्प केला आहे. तपासलेल्याला कार्ड द्यावे आणि विवाहापूर्वी उभयतांनी ती ताडून पाहावीत, ही त्यामागील कल्पना. हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु ग्रीसमधील ओर्कोमेनोस गावी अशीच तपासणी झाली, तेव्हा वाहकांमधील विवाह घटले नाहीत, उलट वाहक कलंकित ठरले आणि कित्येकांनी आपला निकाल लपवला. अमेरिकेतही १९७०च्या दशकाच्या आरंभी सक्तीच्या कायद्यांमुळे निरोगी वाहकांना विम्यात व नोकरीत अन्याय सोसावा लागला. आपल्याकडे असा डाग प्रथम मुलीच्या माथी बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

संमतीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ॲरिझोनातील हवासुपाई जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या संशोधनासाठी दिलेले रक्त त्यांच्या नकळत इतर अभ्यासांसाठी वापरले गेले, आणि २०१० साली ते संशोधन करणाऱ्या विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. तेव्हा ज्या पाड्यावर कागदाखाली अंगठा उठवणे हाच कारभाराशी जुना परिचय आहे, तेथे केवळ अंगठ्याला संमती मानणे म्हणजे दुर्बळाच्या मौनाचा लाभ घेणे होय.

शिवाय निदानामागून उपचार आलाच पाहिजे. जनुक-संपादनाच्या परदेशी उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर. पण हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळीही नियमित रक्ततपासणीवाचून देता येत नाही, आणि भाताची कापणी आटोपताच भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबाचा उपचार तेथेच तुटतो. म्हणून तपासणी स्वेच्छेची असावी, निकाल फक्त त्या व्यक्तीला तिच्या बोलीत समजावून सांगावा, नमुन्याचा अन्य उपयोग पुन्हा विचारल्याविना होऊ नये, आणि औषध रुग्णामागोमाग भट्टीपर्यंत पोहोचावे. एवढी हमी देण्याची ज्या शासनाची तयारी नाही, त्याला आदिवासीच्या रक्ताचा थेंबही मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचत नाही.