नकार देणारा खटका

इंग्लंडच्या उत्तरेला सेटल–कार्लाइल मार्गावर गार्सडेल नावाचे आडबाजूचे स्टेशन आहे. पूर्वी त्याला हॉज जंक्शन म्हणत. तिथली लाकडी सिग्नल केबिन मिडलंड रेल्वेने 1910 मध्ये उभारली. अशा केबिनी जपायची गोष्ट निघाली की चर्चा छपराची, खिडक्यांची आणि रंगाचीच होते. खरे तर केबिन म्हणजे माणूस विसरणारच, हे धरून केलेले यंत्र. ते कुठवर पुरले आणि कुठे तोकडे पडले, हे दाखवता येत नसेल, तर जपलेली ती नुसती टुमदार खोली.

सांधे आणि सिग्नल हलवणारे खटके आतून एकमेकांत अडकवलेले असतात. तांबडा खटका थांबा-सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा सांध्याच्या कुलपाचा. सांधा नीट बसून कुलूप लागल्याखेरीज तांबडा खटका हलतच नाही, कितीही जोर लावा. 1889 मध्ये आयर्लंडात आर्मा इथल्या अपघातात 80 माणसे गेली आणि ही व्यवस्था कायद्याने सक्तीची झाली.

तरीही 24 डिसेंबर 1910 च्या पहाटे हॉज जंक्शनला घात झालाच. सिग्नलमन आल्फ्रेड सटन याने कार्लाइलकडे निघालेली दोन सुटी इंजिने मुख्य मार्गावर सिग्नलपाशी थांबवली आणि कामाच्या धबडग्यात त्यांना विसरला. नियम 55 प्रमाणे इंजिनावरच्या माणसाने केबिनमध्ये येऊन आठवण द्यायची. कुणी आले नाही. मागून येणाऱ्या स्कॉटलंडच्या एक्सप्रेससाठी सटनने सिग्नल पाडले. ते आपल्यालाच मिळाले, असे समजून इंजिने निघाली. भरधाव एक्सप्रेसने त्यांना गाठले, डबे पेटले, 12 जण दगावले. खटक्यांनी आपले काम चोख केले होते. रुळावर काय उभे आहे, हे कळण्याची सोयच त्यांच्यात नव्हती. चौकशी अधिकारी मेजर प्रिंगल यांनी ट्रॅक सर्किटचा आग्रह धरला. रुळांतून सौम्य वीज सोडायची. गाडी उभी असली की चाकांमुळे दोन्ही रूळ जोडले जातात आणि सिग्नल अडतो. गाडी डोळ्यांनी पाहण्याची गरज अशी कमी झाली, आणि पुढे दूरच्या नियंत्रण केंद्रातून मैलोन् मैल मार्ग चालवणे शक्य झाले. केबिनीच्या मुळावर आला तो तिच्याच दोषावरचा उपाय.

मग बारा जणांचा घास घेणाऱ्या व्यवस्थेचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. नवी व्यवस्था अधिक सुरक्षित आहे, यात वादच नाही. खटक्यांवर पुन्हा गाड्या चालवा, असे कोणी म्हणतही नाही. चित्रफीत पुरेल, हा दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. खटक्याचा नकार चित्रफितीत दिसेल, पण हाताला कळणार नाही. याच मार्गावर सेटल इथली 1891 ची केबिन 1984 मध्ये बंद पडली. मार्गप्रेमींच्या संस्थेने ती स्टेशनाजवळ हलवून दुरुस्त केली. तिथे पाहुण्यांना खटके ओढता येतात. खर्च करायचा तर खटक्यांच्या अशा चालत्या सांगाड्यावर करावा, रंगावर नंतर. आणि त्याला ट्रॅक सर्किटचा नमुना जोडावा: आधी तो बंद ठेवून रुळावर इंजिन असताना सिग्नल पाडू द्यावा, मग चालू करून तोच खटका पुन्हा ओढायला सांगावा.