बांधावरचा चिकणा : औषध खरं, पण बीपीवाल्यांनी जपून

पाऊस उघडला की बांधावर, गोठ्यामागं, रस्त्याच्या कडेला चिकणा माजतो. आपण तण म्हणून उपटतो, नाहीतर तणनाशक मारतो. उपटताना मात्र घाम निघतो, मूळ काही सुटत नाही. आयुर्वेदात सगळ्यात जास्त किंमत याच मुळाला आहे. तिथं या झाडाचं नाव बला.

चिकणा भेंडीच्या कुळातला. कपाशी, अंबाडी, जास्वंद हे सगळे त्याचे भाऊबंद. भेंडी चिरताना जी तार सुटते, तोच बुळबुळीतपणा चिकण्याच्या पानातही असतो. पान चुरगळून पाण्यात टाका, पाणी घट्ट होतं. हा चिकट पदार्थ घशाला, पोटाला आतून लेपासारखा बसतो आणि आग कमी करतो. युनानी वैद्य खतमी वापरतात ती याच कुळातली, आणि तिचं मूळ युरोपात कोरड्या खोकल्यावर आजही रीतसर विकलं जातं. मात्र असा चिकट काढा घेतला तर दुसऱ्या गोळ्यांमध्ये अर्धा-एक तासाचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी अंगी लागायला उशीर होतो.

चरकसंहितेत ताकद देणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गट आहे. त्यात बला आणि अतिबला दोन्ही आहेत. तिळाचं तेल, दूध आणि बला यांचं क्षीरबला तेल वाताच्या दुखण्यात चोळायला देतात. बलारिष्टात बलेबरोबर अश्वगंधा असते. आमच्याकडं जुनी माणसं गळवावर पाला वाटून बांधायची. प्रयोगशाळेत उंदरांवर सूज आणि दुखणं कमी झाल्याचं दिसलंय. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्याच आहेत, हे काढा विकणारे सांगत नाहीत.

आता घरातली गोष्ट. आईला बीपीची गोळी चालू आहे. मागच्या पावसाळ्यात गुडघे धरले म्हणून फोनवर आलेला मेसेज वाचून घरात मुळाचा काढा सुरू झाला. मीच मुळं खणून आणली होती. तिसऱ्या दिवशी रात्री तिची छाती धडधडायला लागली, झोप नाही. तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी काय काय घेताय?" काढा बंद झाला आणि दोन दिवसांत ती सावरली. काढ्यामुळंच झालं असं डॉक्टरही छातीठोक म्हणाले नाहीत, पण बीपीच्या माणसाला परत देऊ नका हे मात्र बजावून सांगितलं.

त्याला कारण आहे. बलेत एफेड्रिन नावाचा घटक थोड्या प्रमाणात असतो, मुळापेक्षा बियांत जास्त. तो श्वासनळ्या मोकळ्या करतो, म्हणून दम्यावर बला देत आले. पण तोच नाडी आणि रक्तदाब वाढवतो. अमेरिकेनं २००४ साली असे घटक असलेल्या पूरक आहारावर बंदी घातली, त्यात बलाही आली. हृदयविकार, बीपी, थायरॉईड असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांनी (एफेड्रिन उत्तेजकांच्या यादीत आहे) वैद्याला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

दुसरा घोळ ओळखीचा. खऱ्या बलेचं पान बदामी आकाराचं, हाताला मखमली लागतं, फूल फिकट पिवळं. तुपकडीचं पान अरुंद, खोड चिवट, तिचे खराटे करतात. अतिबला म्हणजे मुद्रा किंवा पेटारी, तिचं फळ दातेरी चाकासारखं. लहानपणी आम्ही ते शाईत बुडवून वहीवर शिक्के मारायचो. गावागणिक नावं बदलतात आणि चिकणा हे नाव तर दोन-तीन झाडांना लावतात. दिवाळीनंतर एक व्यापारी वाळलेली मुळं मागत आला होता. कुठला चिकणा, हे त्यानं विचारलंच नाही. सगळी मुळं एकाच पोत्यात.

आणि जिथं तणनाशक मारलंय त्या बांधावरचं मूळ औषधाला खणू नका, विकूही नका. मी यंदा विहिरीकडचा कोपरा फवारणीतून सोडलाय. तिथला चिकणा आता कमरेला लागतोय.