रात्री चालणारी स्क्रिप्ट आणि डच स्वल्पविराम

इथल्या बाजारात वजनकाट्यावर ‘१,२५० किलो’ असं दिसलं, तर ते सव्वा किलो असतं. डच लोक दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांचे गट पाडायला बिंदू. आपल्या नेमकं उलट. माणसाला हे चार दिवसांत सरावाचं होतं. संगणकातल्या शेल स्क्रिप्टला मात्र कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते कोणी सांगितलं हे आपल्याला ठाऊक नसलं की तीच स्क्रिप्ट लहरी वाटू लागते.

एक उदाहरण घेऊ. कापेल आन डेन आयसेल हे हॉलंडसे आयसेल नदीच्या काठी आहे. ही नदी भरती-ओहोटीची. १९५३च्या महापुरानंतरच्या डेल्टा प्रकल्पातला पहिला अडसर, आल्खेराकेरिंग, इथेच कापेल आणि क्रिम्पेनच्या मध्ये १९५८ साली सुरू झाला. राइक्सवाटरस्टाट ही सरकारी यंत्रणा पाण्याच्या पातळीचे आकडे जाहीर करते. समजा, तुम्ही हे आकडे दर तासाला उतरवून घेणारी, मीटरमध्ये मांडून क्रमाने लावणारी छोटी बॅश स्क्रिप्ट लिहिलीत. पुण्याच्या लॅपटॉपवर ती उत्तम चालते. इथे घेतलेल्या नव्या संगणकावर मात्र १.३५ चे १,०० होतात. पस्तीस सेंटिमीटर पाणी नाहीसं!

दोष हिशेबात नाही, ‘लोकेल’मध्ये आहे. भाषा, अंक, तारीख, वर्णक्रम यांचे स्थानिक रिवाज प्रोग्रॅमला सांगणाऱ्या सेटिंगना लोकेल म्हणतात. उबुंटूसारखी प्रणाली बसवताना आपण भाषा इंग्रजी निवडतो आणि शहर ॲम्स्टरडॅम. मग पडद्यावर सगळं इंग्रजी, पण अंकांचा रिवाज गुपचूप डच, असं होऊ शकतं. परदेशी राहणाऱ्यांची ही खास अडचण. डच रिवाजात बॅशच्या ‘प्रिंटएफ’ला १.३५ दिलं, की ते बिंदूपाशी थांबतं, ‘इन्व्हॅलिड नंबर’ अशी कुरकुर करतं आणि तरीही १,०० छापून पुढे जातं. ती कुरकुर निदान ऐकू येते. ‘सॉर्ट’ तेवढंही करत नाही: बिंदू हा हजारांचा विभाजक धरला गेला तर १.३५ चे १३५ आणि २.४ चे २४ होतात, क्रम उलटा लागतो आणि आज्ञा मात्र यशस्वी ठरते. ‘सेट -ई’ लिहून पहिल्या चुकीला थांबणारी स्क्रिप्टसुद्धा इथे थांबत नाही. मला यातला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो.

‘कधी बरोबर, कधी चूक’ हे कुठून येतं? हाताने चालवली तर स्क्रिप्टला तुमच्या टर्मिनलचं लोकेल मिळतं. क्रॉनने रात्री चालवली तर ते मिळेलच असं नाही; तुमची प्रोफाइल फाइल क्रॉन वाचत नाही आणि आज्ञा शोधायचा ‘पाथ’ही आखूडच असतो. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेलात, तर अनेक ठिकाणी तुमच्या लॅपटॉपचं लोकेल तुमच्यासोबत तिथे जातं. म्हणजे एकाच सर्व्हरवर, एकाच फाइलवर दोन सहकाऱ्यांना दोन उत्तरं! म्हणून कोडकडे बघत बसण्याआधी टर्मिनलमधून आणि क्रॉनमधून ‘एन्व्ह’ आणि ‘लोकेल’ या आज्ञांचं उत्तर दोन फाइलींत साठवा आणि ‘डिफ’ने फरक पाहा. ‘सॉर्ट --डीबग’ कोणते नियम वापरले ते स्वतःच सांगतं.

उपाय एका ओळीचा: स्क्रिप्टच्या सुरुवातीला एलसी_ऑल ‘सी’ करून एक्स्पोर्ट करणं. पण फाइलीत मराठी नावं असतील तर जपून. ‘सी’मध्ये अक्षरं नव्हे, बाइट मोजले जातात, ‘पाणी’ या शब्दाची लांबी तिथे १२ येते, यूटीएफ-८ मध्ये ४. (आपण वाचताना दोनच अक्षरं मोजतो, ते वेगळंच प्रकरण.) अशा वेळी ‘सी.यूटीएफ-८’ घ्यावं. किंवा फक्त एलसी_न्यूमेरिक बदलावं. मात्र एलसी_ऑल आधीच ठरवलेलं असेल तर न्यूमेरिकचं काही चालत नाही.

घड्याळाचंही असंच. भारतात वर्षभर एकच वेळ. इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे सरकतात. २६ ऑक्टोबर २०२५ला पहाटे तीनचे पुन्हा दोन वाजले. तासाच्या नावाने फाइल साठवणाऱ्या स्क्रिप्टकडे त्या दिवशी तास २५ आणि नावं २४. दोनची दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाते. मार्चमध्ये एक फाइल कमी येते आणि आपण नेटवर्कला दोष देतो. फाइलीच्या नावासाठी ‘डेट -यू’ वापरलं, म्हणजे वेळ यूटीसीमध्ये येते, आणि हा घोळ उरत नाही. वाचताना ॲम्स्टरडॅमची वेळ करून घ्यायची, साठवताना नाही.